तीनशे कप्प्यांची पंचाईत

परक्याचे बोलणे आडून ऐकू नये असे नीतिशास्त्र एकमुखाने सांगत आले आहे, आणि त्या उपदेशाला मान डोलावणाऱ्यांची वाणही कधी पडलेली नाही. परंतु ज्या मुलखात दोन घरांमधला गडगा कमरेच्या वर जात नाही, माडाच्या झापांचे कुंपण ढोरांना अडवते पण शब्दांना अडवीत नाही, आणि विहिरीत कळशी बुडण्यापूर्वी अर्ध्या वाडीची खबर कानी येऊन पोचते, त्या मुलखात हा उपदेश अक्षरशः पाळायचा तर मनुष्याने कानांत कापसाचे बोळे घालूनच जन्माला यावे लागेल. आमच्या आचऱ्याच्या तिठ्यावर घटकाभर उभा राहिलेला मनुष्य, त्याने एक अक्षर न विचारता, कोणाचा दावा मालवणच्या कचेरीत कुठवर आला, कोणाच्या होडीला काय मिळाले आणि कोणाची सोयरीक कोणत्या कारणाने फिसकटली, एवढे ज्ञान पदरात पाडून घेऊन घरी परततो. आणि हे सर्व आपण ऐकले नसून केवळ कानांवर पडले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

माझी स्वतःची गोष्ट थोडी अधिक बिकट होती, कारण ऐकणे हा माझ्या बाबतीत एकाच वेळी गुन्हाही होता आणि नोकरीही. दूरध्वनी खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून मी उमेदीचा काळ घालवला. मुंबईकडे जाणाऱ्या तारा मोजक्या, आणि मुंबईत ज्याचा मुलगा, भाऊ किंवा नवरा नाही असे घर साऱ्या मालवण तालुक्यात शोधून सापडणे कठीण. तेव्हा ज्याला बोलायचे त्याने आधी नोंद करावी, चिठ्ठी रांगेत पडावी, आणि तार मोकळी झाली की ऑपरेटराने ती त्याच्या हवाली करावी, असा शिरस्ता होता. चिठ्ठ्यांचे वर्ण तीन: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग, अर्जंटाला दुप्पट दाम, लाइटनिंगला आठपट. पैसे मोजणाराची घाई आणि कामाची घाई यांचा परस्परांशी काही संबंध असतो, या भ्रमातून मला त्या आठपटवाल्यांनीच मुक्त केले. तीन मिनिटे झाली की मध्ये शिरून तसे सांगावे, बोलणे चालू आहे की संपले याची खात्री करावी, पण काय चालू आहे ते मात्र मनावर घेऊ नये, अशी सरकारची अपेक्षा. वर्षानुवर्षे हे व्रत पाळल्यामुळे मला आजही कोणी मनातले दुःख सांगू लागला तर तिसऱ्या मिनिटाला त्याला थांबवावेसे वाटते.

या साऱ्या उठाठेवीला एक गंभीर शास्त्र आहे, ही गोष्ट मला सेवानिवृत्तीनंतर कळली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या आग्नेर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ साली आपले सुप्रसिद्ध सूत्र मांडले. त्याचा मथितार्थ असा की, प्रत्येक माणसाच्या नावे एकेक तार तोडून दिली तर ती दिवसाचा बहुतेक वेळ निजून राहते. परंतु पुष्कळ माणसांमध्ये थोड्या तारा सामाईक ठेवल्या, तर सर्वांना एकदमच बोलण्याची बुद्धी होत नसल्यामुळे, त्या थोड्यांत पुष्कळांचे भागते, आणि किती जणांना हात हलवीत परत जावे लागेल याचा आगाऊ हिशेबही मांडता येतो. सामाईक जमिनीतून आमच्याकडे फक्त दिवाणी दावे उत्पन्न होतात. डेन्मार्कात त्यातून शास्त्र उत्पन्न झाले. पुढे १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर एस.टी.डी. सुरू झाली, ती यथावकाश आमच्या किनाऱ्यालाही येऊन लागली, आणि माझ्या जातीचे प्राणी नामशेष झाले. आपली विद्या आता कोणाच्याही उपयोगाची उरली नाही, अशा समाधानात मी पडवीत बसलो होतो, तोच न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला.

भाच्याने तिकडे कुठल्याशा जुन्या बाजारातून एक स्कॅनर विकत घेतला होता. स्कॅनर म्हणजे कागदाचा फोटो काढणारे यंत्र नव्हे. हातात मावेल एवढा हा एक रेडिओ असून, गाणी व बातम्या यांचे त्याला वावडे असते, आणि पोलीस, आगीचे बंब, रुग्णवाहिका, रस्ते झाडणारे वगैरे मंडळी आपापसांत बिनतारी यंत्रावर जे बोलतात ते एकामागून एक चाळीत तो फिरत राहतो. अमेरिकेत या छंदाला काही मर्यादांत मुभा आहे. खाजगी मोबाइल संभाषण ऐकण्यास तेथील १९८६ च्या कायद्याने बंदी केली, आणि १९९४ पासून तर त्या लहरी पकडणारे स्कॅनर बनवण्यासही मनाई झाली. पण सरकारी खात्यांचे उघड्यावरचे बोलणे नागरिकाने घरी बसून ऐकले तर सर्वसाधारणपणे कोणी हरकत घेत नाही.

“मामा,” भाचा म्हणाला, “हे सगळे ट्रंक पद्धतीवर चालते. तुम्हाला समजेल म्हणून विचारतो.”

आणि खरोखरच मला ते समजले, ही त्या दिवसाची सर्वांत विस्मयकारक घटना होय. पूर्वी तिकडे प्रत्येक खात्याला एकेक लहर तोडून दिलेली असे, म्हणजे ज्याने त्याने आपली तार उशाशी घेऊन निजावे तसा तो प्रकार होता. पुढे लहरी अपुऱ्या पडल्या, तेव्हा कोणा चतुर पुरुषाने त्या सामाईक केल्या. दहावीस लहरींच्या एका संचावर शेकडो गट बोलतात. प्रत्येक गटाला एक क्रमांक असतो. आणि एक लहर केवळ नियंत्रणासाठी राखलेली असून तिच्यावर एक संगणक अहोरात्र माणसाला न समजणारी खरखर करीत बसलेला असतो. शिपायाने बोलण्याची कळ दाबली की तो संगणक क्षणार्धात एक मोकळी लहर त्याच्या गटाला देतो, त्या गटाचे सर्व रेडिओ आपोआप तिच्यावर जाऊन बसतात, आणि बोलणे संपताच लहर दुसऱ्याला मोकळी होते. म्हणजे माझेच काम, फक्त चिठ्ठी नाही, रांग बहुधा नाही, आणि आठपट दाम तर मुळीच नाही. मला एकाच वेळी अभिमान आणि मत्सर वाटला. माझ्या जागी बसवलेल्या त्या संगणकाला सेवाज्येष्ठता कशी लावतात, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

या व्यवस्थेची गंमत अशी की प्रश्न एका लहरीवर निघतो, तर उत्तर तिसऱ्याच लहरीवर येते. साधा रेडिओ घेऊन एकाच ठिकाणी कान लावून बसलेल्या माणसाला बंबवाल्याचा “आग कुठे लागली?” हा प्रश्न ऐकू येतो आणि त्यामागोमाग शाळेच्या बसवाल्याचे “शेवटचे मूल आत्ताच उतरवले” हे उत्तर. म्हणून अशा स्कॅनरला आधी त्या संचाच्या साऱ्या लहरी शिकवाव्या लागतात, नंतर गटांचे क्रमांक शिकवावे लागतात, आणि मग तो नियंत्रणाची खरखर वाचून, ठरलेल्या गटाच्या मागे लहरीलहरींवरून पाठलाग करतो.

आता भाच्याच्या यंत्रात एकंदर कप्पे तीनशे. त्यांच्या दहा बँका, प्रत्येकीत तीस. एका संचाच्या लहरी एकाच बँकेत राहिल्या पाहिजेत. अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे असे चालत नाही. प्रत्येक बँकेला गटांची शंभर नावे लक्षात राहतात, एकशे एकावे नाही. संगणकाला जोडण्याची सोय नाही. जे काही भरायचे ते चिमुकल्या कळा दाबून, दशांश चिन्हापुढच्या चार आकड्यांसकट, बोटाने भरायचे. उलटपक्षी न्यू जर्सी हे राज्य क्षेत्रफळाने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जेमतेम सवाचारपट असले, तरी त्यात नगरपालिका ५६४. आणि त्यांतल्या बहुतेकींना स्वतःचे पोलीस आणि स्वतःचा अभिमान आहे. ही सर्व सृष्टी तीनशे कप्प्यांत बसवायची होती.

“हे यंत्रच तुम्हाला पाठवून देऊ का?” असे भाच्याने मोठ्या मनाने विचारले. मी तत्काळ नकार दिला. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा या दोघांनी मिळून कित्येक पिढ्यांना अशी शिस्त लावली होती की, परवान्यावाचून बिनतारी यंत्र वापरणे तर सोडाच, नुसते बाळगणेही गुन्हा. साधा घरगुती रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा दरसाल टपाल कचेरीत जाऊन परवान्याच्या पुस्तकावर तिकिटे चिकटवून घ्यावी लागत, ती वहिवाट ऐंशीच्या दशकात बंद झाली. त्या दोन कायद्यांची जागा घेण्यासाठी आता २०२३ चा दूरसंचार कायदा झाला असला, तरी पोलिसांचे बोलणे ऐकणारा इसम पोलिसांना आवडेल अशी तरतूद त्यातही केलेली नाही. सेवानिवृत्त नोकर कायदा का मोडीत नाही, यावर पुष्कळ तात्त्विक चर्चा करता येईल. पण त्याचे खरे कारण निवृत्तिवेतन हे आहे. तेव्हा यंत्र न्यू जर्सीत राहावे आणि त्यात कोणाला जागा द्यायची याचा विचार आचऱ्यात व्हावा, अशी तजवीज ठरली. भाच्याने यादी पाठवली. रविवारी सकाळी, म्हणजे त्याची शनिवारची रात्र असताना, फोन पडवीच्या खांबाला टेकवून आम्ही कामास बसलो.

आम्ही, म्हणजे मी. परंतु आचऱ्यात पडवीवर मोठ्याने बोलत असलेला मनुष्य एकटा राहू शकत नाही. प्रथम शेजारचे निवृत्त गुरुजी आले. मग पिरावाडीचे एक तांडेल, जे वस्तुतः दुसऱ्याच कामासाठी निघाले होते. मग ग्रामपंचायतीचे एक माजी सदस्य, ज्यांना कोणतीही यादी दिसली की तीत दुरुस्ती सुचवल्याशिवाय चैन पडत नाही. आणि गडग्यापलीकडून आमच्या काकू, हातात कोकमाच्या सोलांचे सूप घेऊन, केवळ कानांवर पडेल तेवढे ऐकण्यासाठी.

पहिली बँक पोलिसांना द्यावी, असे मी सुचवले. इतके निरुपद्रवी विधान मी नोकरीतही कधी केले नव्हते.

“पोलिसांका पहिलो मान कित्याक?” माजी सदस्यांनी हरकत घेतली. “पोलिसांचा ऐकान कोणाचा भला झाला?”

हा प्रश्न आता यंत्राचा उरला नाही, मानाचा झाला. जेथे पालखीपुढे कोणी चालावे, पहिला नारळ कोणाच्या हाती द्यावा आणि गाऱ्हाणे कोणी घालावे हे बारा-पाच मानकऱ्यांच्या परंपरेने ठरलेले आहे, तेथे पहिली बँक ही नुसती पहिली बँक असू शकत नाही. गुरुजींनी शाळेच्या बसगाड्यांची बाजू घेतली. मुलांना वेळेवर पोचवणारे खाते हेच राष्ट्राचे पहिले खाते, असे त्यांनी उदाहरणांसह सिद्ध केले. माजी सदस्यांना बांधकाम खाते हवे होते, कारण रस्ता डांबरून झाल्यावर तो नळासाठी खणण्याची प्रथा तिकडेही आहे किंवा कसे, हे त्यांना अधिकृतरीत्या जाणून घ्यायचे होते. काकूंची मागणी स्पष्ट होती: रुग्णवाहिका. कोणाला नेले, कशाने नेले आणि मागे कोण कोण आहे, एवढे समजले की त्यांना बाकीच्या राज्यकारभारात रस नव्हता.

“आणि आमचो सोळा नंबर?” तांडेलांनी विचारले.

या एका जागेबद्दल मात्र मतभेद झाला नाही. सागरी रेडिओची सोळावी वाहिनी, १५६.८ मेगाहर्ट्झ, ही साऱ्या जगाच्या जहाजांना संकटकाळी हाक मारण्यासाठी राखलेली आहे. आचऱ्याच्या बंदरातून निघालेल्या ट्रॉलरवर जो सोळा नंबर लागतो तोच अटलांटिक महासागरातही लागतो, आणि परवानाधारक तांडेल तो उघडपणे ऐकतात. पडवीवर जमलेल्यांत बिनतारी यंत्र प्रत्यक्ष हाताळणारा मनुष्य एवढा एकच होता, आणि त्याने एकूण चर्चेत एवढे एकच वाक्य उच्चारले.

यादी लांबत गेली तशी दुसरी अडचण उभी राहिली. हा यंत्रराज दोन वृत्तींनी वागू शकतो: एका वृत्तीत यादीत असलेल्या गटांनाच ऐकतो, दुसरीत जो सापडेल त्याला ऐकतो. दुसरी वृत्ती उदार खरी, पण तीत कचऱ्याच्या गाड्या, उद्यान खाते आणि बर्फ उपसणारे यांच्या गप्पांचा असा लोंढा येतो की नको असलेल्यांना वाळीत टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तशी सोय यंत्रात आहे. मात्र वाळीत टाकलेल्यांची यादीही त्याच स्मृतीत ठेवावी लागते आणि तीही मर्यादितच असते. म्हणजे ज्याला विसरायचे त्याला कायमचे लक्षात ठेवणे भाग पडते. गुरुजी म्हणाले, यात नवीन काही नाही, भाऊबंदकीचा हाच नियम आहे.

माझ्या जुन्या विद्येचा उपयोग झाला तो येथे. राज्यव्यापी संचाचे मनोरे जागोजागी असतात आणि प्रत्येकाच्या लहरी निराळ्या. भाचा बिचारा त्या सर्वांच्या लहरी भरायला निघाला होता आणि त्यातच त्याच्या सात बँका खपणार होत्या. मी त्याला एवढेच विचारले की, तुझ्या घरातून किती मनोरे ऐकू येतात? दोन, तो म्हणाला. तर मग त्या दोनांच्याच लहरी भर. शिवाय ज्या खात्यांचा संच एकच आहे त्यांना प्रत्येकी बँक देण्याचे कारण नाही. बस, बांधकाम आणि रुग्णवाहिका एकाच बँकेत सुखाने नांदतील, फक्त गटांचे क्रमांक निराळे. शास्त्रदृष्ट्या हे निर्विवाद होते. पण काकूंना रुग्णवाहिका बांधकामवाल्यांच्या पंक्तीला बसवणे रुचले नाही, आणि स्वतंत्र चूल मांडून द्या, असा त्यांनी आग्रह धरला.

पुष्कळ रविवार गेले. भाचा रोज रात्री कामावरून आल्यावर आकडे भरत होता. एका जातीच्या संचात लहरी त्यांच्या ठरलेल्या अनुक्रमानेच भराव्या लागतात, एक जरी आपली जागा सोडून बसली तरी यंत्र आंधळ्या कोशिंबिरीसारखे भलत्याच्या मागे धावते. ती बँक त्याने पुन्हा पुन्हा भरली. अखेर तीनशे कप्पे भरले. मग एका रात्री यंत्र जरा अडखळले म्हणून त्याने कुठेसे वाचून दोनतीन कळा एकदम दाबून ठेवल्या आणि तशाच स्थितीत ते चालू केले. यंत्र प्रसन्न झाले, आणि तीनशेच्या तीनशे कप्पे रिकामे झाले.

ही वार्ता पडवीवर आली तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मग माजी सदस्य म्हणाले, “गावपळण झाली म्हणा!”

ज्यांना आचरे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, काही वर्षांच्या अंतराने श्री देव रामेश्वराचा कौल झाला म्हणजे आमचा सबंध गाव, जातधर्माचा भेद न करता, गुरेढोरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह घरेदारे बंद करून वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस नि तीन रात्री शेजारगावच्या हद्दीत राहुट्या उभारून राहतो. पत्ते रंगतात, भजने रंगतात, परगावचे लोक बघायला येतात. मग परतीचा कौल लावतात. तो मिळाला तर सारे घरी येतात, न मिळाला तर मुक्काम वाढतो. गावपळणीत गेलेला प्रत्येक जीव, अगदी कोंबडीसुद्धा, आपापल्या घरी परत येतो. यंत्रातून गेलेले तीनशे रहिवासी मात्र कोणत्या हद्दीत राहुट्या ठोकून बसले आहेत ते कळण्यास मार्ग नव्हता, आणि परतीचा कौल लावण्याची सोय त्याच्या निर्मात्यांनी केलेली नव्हती.

भाचा माझ्या बहिणीच्या सासरच्या स्वभावाचा नसल्यामुळे, म्हणजे आमच्यावर गेल्यामुळे, त्याने पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतले. ते पुरे होऊन त्याने यंत्राला फिरते केले, तेव्हा अशी गोष्ट उघडकीस आली की तिची चौकशी आम्हांपैकी कोणीही आरंभी केली नव्हती. राज्याचा नवा संच पी-२५ नावाच्या अंकीय पद्धतीचा असून, जुन्या पद्धतीच्या या यंत्राला त्यातून मोटरसायकल सुरू व्हावी तसा आवाज ऐकू येतो. इतरही कित्येक संच याच वाटेने गेले होते. काही ठिकाणी त्यावर कूटभाषेचे कुलूप; नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तर २०२३ पासून आपले बोलणे टप्प्याटप्प्याने कुलुपात घालायला आरंभ केला आहे आणि त्यावरून तिकडचे पत्रकार नाराज आहेत. पोलीस गेले, रुग्णवाहिका गेली, बांधकाम खाते गेले. ज्यांच्या मानपानावरून पडवीवर तट पडले ते सर्व, मान घेऊन, मुके झाले.

राहिले ते असे: विमानतळाचे नियंत्रक, जे अजूनही जुन्या ए.एम. पद्धतीने ११८ मेगाहर्ट्झच्या पुढे बोलतात. १६० मेगाहर्ट्झच्या आसपासचे रेल्वेचे गार्ड. तांडेलांचा सोळा नंबर. आणि सरकारी हवामान खाते, जे १६२ मेगाहर्ट्झवरच्या सात लहरींपैकी कोणत्या ना कोणत्या लहरीवर रात्रंदिवस यांत्रिक आवाजात हवेचा अंदाज वाचत असते. या सर्वांना मिळून एक बँक पुरून उरली. तिला तीस कप्पे होते.

“सोळा नंबर काय म्हणता?” तांडेलांनी विचारले.

“काही नाही. गप्प आहे.”

“मग बरा असा,” तांडेल म्हणाले आणि आपल्या कामाला निघून गेले.

इतका खटाटोप झाल्यावर काहीतरी ऐकवावे म्हणून भाच्याने यंत्र फोनच्या तोंडाशी धरले आणि हवामानाची लहर लावली. जनतेने ऐकावे म्हणूनच ती प्रक्षेपित होत असल्यामुळे माझ्या निवृत्तिवेतनाला तिच्यापासून धोका नव्हता. मी संमती दिली. आवाज स्वच्छ आला. गुरुजी टेकून बसले आणि एकेका वाक्याचा अनुवाद करू लागले: तपमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा नैऋत्य, आणि दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस.

“पाऊस?” गडग्यापलीकडून काकू ओरडल्या. “अगो बाय माझे! आणि माझी सोलां सगळी खळ्यात!”

तो पाऊस न्यू जर्सीचा आहे, हे गुरुजींनी त्यांना दोनदा सांगितले. “सरकार सांगता मा?” असे विचारून त्यांनी सुपे गोळा केली, आणि मे महिन्याच्या त्या रखरखीत उन्हात दोन्ही सुनांना हाका मारमारून खळे अर्ध्या घटकेत रिकामे केले. ते पाहून पलीकडच्या घरचीही सोले आत गेली.